पाटण्याच्या सुभेदाराचे लंडनमधील उपाहारगृह

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील खरेदीची गर्दी मागे टाकून उत्तरेकडे वळले, की थोड्याच अंतरावर जॉर्ज स्ट्रीट लागतो. वॅलेस कलेक्शन हे प्रसिद्ध कलासंग्रहालय येथून जवळ आहे. मादाम तुसाँचे मेणाचे पुतळेही पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. लंडनदर्शनाला निघालेले भारतीय पर्यटक याच परिसरातून हिंडत असतात. मात्र, जॉर्ज स्ट्रीटवरील १०२ क्रमांकाच्या इमारतीवर वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने सप्टेंबर २००५ मध्ये लावलेल्या हिरव्या पाटीकडे त्यांच्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले असेल. या पाटीच्या आसपास, तेव्हाच्या ३४ क्रमांकाच्या घरात, १८१० मध्ये एका हिंदी माणसाने उपाहारगृह थाटले होते. हिंदी मालकाने हिंदी पद्धतीच्या जेवणासाठी काढलेले लंडनमधील हे पहिले उपाहारगृह. त्याचे नाव होते ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ आणि मालकाचे नाव शेख दीन महंमद. इंग्रजी वळणाने ते ‘साके डीन महोमेद’ असे लिहिले गेले आणि याच नावाने ते इतिहासात नोंदले गेले.

दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्यात झाला. त्याआधी दोनच वर्षे प्लासीची लढाई होऊन गेली होती आणि बंगाल-बिहारची सूत्रे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती जाऊ लागली होती. मुर्शिदाबादच्या नवाबांच्या घराण्याशी आपले नाते असल्याचे हे कुटुंब सांगत असे; पण उपजीविकेसाठी वडिलांनी कंपनीच्या बंगाल फौजेत चाकरी धरली होती. महसूलवसुलीच्या एका मोहिमेत ते मारले गेले, तेव्हा दीन महंमद जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते. त्याच सुमारास पाटण्यात राजा शिताब राय यांच्याकडील समारंभात गॉडफ्री इव्हान बेकर हा तरुण आयरिश लष्करी अधिकारी त्यांच्या दृष्टीस पडला. लष्करी पोशाखाच्या रुबाबाने हा मुलगा इतका भारावून गेला, की आईचा विरोध असतानाही तो बेकर यांच्या छावणीत दाखल झाला. पुढच्या सगळ्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग तो हाच.

यानंतरची सुमारे तेरा वर्षे छावण्यांमध्ये गेली. फौजेबरोबर दीन महंमद यांनी गंगेच्या खोऱ्यातील बहुतेक मोठी शहरे पाहिली. १७८१ मध्ये बनारसचे राजे चेतसिंग यांनी कंपनीविरुद्ध उठाव केला, तेव्हा तो मोडून काढणाऱ्या फौजेत ते होते. आधी जमादार आणि मग सुभेदार अशी बढतीही त्यांना मिळाली. हिंदी शिपायाला कंपनीच्या फौजेत याहून फार वर चढण्यास वावच नव्हता. १७८२ मध्ये बेकर यांनी नोकरी सोडली आणि त्यांच्यापाठोपाठ दीन महंमद यांनीही राजीनामा दिला. १७८४ च्या आरंभी दोघे कलकत्त्याहून जहाजाने निघाले आणि त्याच वर्षी आयर्लंडमधील कॉर्क या बंदराच्या शहरात पोचले. दीन महंमद पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत.

कॉर्कमध्ये त्यांनी शाळेत जाऊन इंग्रजीचा पाया पक्का केला. १७८६ मध्ये जेन डेली या आयरिश तरुणीबरोबर पळून जाऊन त्यांनी लग्न केले. त्यासाठी ते ख्रिस्ती झाले. त्याच वर्षी बेकर यांचे निधन झाले, तरी बेकर कुटुंबाचा आधार कायम राहिला. १७९९ मध्ये मिर्झा अबू तालिब खान हे हिंदुस्थानातील प्रवासी कॉर्कला आले असता त्यांची दीन महंमद यांच्याशी भेट झाली. स्वतंत्र घर आणि मुलाबाळांनी भरलेला संसार असे त्यांचे सुखवस्तू आयुष्य अबू तालिब यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे.

दरम्यान, १७९४ मध्ये दीन महंमद यांचे दोन खंडांचे प्रवासवर्णन कॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले होते. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. छपाईपूर्वीच तीनशेहून अधिक वर्गणीदारांनी त्यासाठी पैसे दिले होते. एका काल्पनिक मित्राला लिहिलेल्या ३८ पत्रांच्या रूपात हे पुस्तक आहे. मुर्शिदाबादच्या नवाबाची मिरवणूक, कलकत्ता, बनारस, अलाहाबाद, दिल्ली, ढाका अशा शहरांची वर्णने, लग्नाचे आणि अंत्यविधीचे रिवाज, विडा खाण्याची पद्धत असा ऐवज त्यात आहे. काही वर्णने आधीच्या युरोपीय प्रवाशांच्या ग्रंथांतून उचललेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही आपल्या देशातील शहरे परक्या वाचकाला हात धरून दाखवण्याची हातोटी या पुस्तकात दिसते. पुढे लंडनमध्ये ताटातून आणि ब्रायटनमध्ये स्नानगृहातून त्यांनी हेच काम केले.

१८०७ च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आले. तेव्हाच्या लंडनमध्ये हिंदुस्थानात गडगंज पैसा मिळवून परतलेल्या इंग्रजांचा एक वर्गच तयार झाला होता. लोक त्यांना थट्टेने ‘नबाब’ म्हणत. पोर्टमन स्क्वेअरच्या आसपास अशा नबाबांची घरे होती. त्यांच्यापैकी बेसिल कॉक्रन यांनी आपल्या घरात वाफेच्या स्नानाची सोय केली होती आणि तेथे दीन महंमद कामाला लागले. वाफ घेतल्यानंतर अंग रगडून, चेपून देण्याची हिंदी पद्धत त्यांनी तेथे आणल्याचे मानले जाते. हिंदीतील ‘चाँपना’ या क्रियापदावरून इंग्रजीत ‘शाम्पू’ हा शब्द आधीच गेला होता. तेव्हा त्याचा अर्थ अंग चेपणे एवढाच होता. केस धुण्याशी त्याचा संबंध नंतर जडला.

या नबाबांच्या शेजारातच दीन महंमद यांना उपाहारगृहाची कल्पना सुचली असावी. वीस-पंचवीस वर्षे हिंदुस्थानात काढलेल्या माणसाला पुलाव, करी आणि हुक्क्याची आठवण येणारच, असे त्यामागचे गणित होते. लंडनला करी अगदीच अपरिचित नव्हती. हॅना ग्लास यांच्या १७४७ मधील पाककृतींच्या पुस्तकात करीची कृती आहे, तर हेमार्केट भागातील एका कॉफी हाऊसमध्ये १७७३ पासून करी मिळत असे. मात्र, या सगळ्या ठिकाणी करी हा इंग्रजी जेवणातला एखादा पदार्थ होता. दीन महंमद यांना संपूर्ण हिंदुस्तानी बैठक मांडायची होती.

१८१० मध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ सुरू झाले. नावात कॉफी असली तरी भर जेवणावर होता. वेताच्या खुर्च्या आणि कोच, भिंतींवर हिंदुस्थानातील देखाव्यांची चित्रे, धूम्रपानासाठी वेगळी खोली आणि तेथे चिलमीच्या खऱ्या तंबाखूचा हुक्का, असा सारा थाट होता. मार्च १८११ मध्ये ‘टाइम्स’मध्ये त्याची जाहिरात झळकली. उमराव आणि प्रतिष्ठित मंडळींना या जाहिरातीने आमंत्रण दिले होते. इंग्लंडमध्ये आजवर झालेल्या कोणत्याही करीपेक्षा येथील जेवण सरस असल्याचा दावा तीत होता. या उपाहारगृहाचे हाताने लिहिलेले खाद्यपत्रक २०१८ मध्ये लंडनमधील दुर्मीळ पुस्तकांच्या प्रदर्शनात ८,५०० पौंडांना विकले गेले. पंचवीस पदार्थांच्या त्या यादीत अननसाचा पुलाव, कोंबडीची करी, शेवंडाची करी असे पदार्थ आहेत. करीचा दर १२ शिलिंग, तर अननसाच्या पुलावाचा १ पौंड १६ शिलिंग होता. सामान्य लंडनकराने या दारात पाऊल टाकावे असे हे दर नव्हते. सारी भिस्त नबाबांवर होती.

आणि नेमके हेच गणित चुकले. चवीबद्दल तक्रार नव्हती. १८१५ मधील लंडनच्या खाण्याच्या ठिकाणांची माहिती देणाऱ्या एका पुस्तकाने येथील मसाल्यांची आणि हुक्क्याच्या खोलीची आवर्जून नोंद घेतली. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या नबाबांच्या घरी हिंदुस्थानातून आणलेले खानसामे होते. घरीच पुलाव शिजत असताना बाहेर पैसे मोजण्याचे त्यांना कारण नव्हते. कंपनीशी व्यापार करणाऱ्यांच्या बैठका लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेतील जेरुसलेम कॉफी हाऊसमध्ये भरत आणि तेथे जेवणाबरोबर जहाजांच्या ताज्या बातम्याही मिळत. त्या मंडळींना जॉर्ज स्ट्रीट आडबाजूला पडत असे. उलट ज्या लंडनकरांना हे जेवण नवे होते, त्यांना ना त्याची गोडी लागली होती, ना ते परवडत होते. सजावट, मसाले आणि जागेचा खर्च मात्र थांबत नव्हता. दोन वर्षांच्या आतच भांडवल संपले आणि १८१२ मध्ये दीन महंमद यांच्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली. उपाहारगृह दुसऱ्याच्या हाती गेले आणि त्याच नावाने १८३३ पर्यंत चालत राहिले. त्याचा संस्थापक मात्र रस्त्यावर आला होता.

वयाची पन्नाशी ओलांडलेली, पदरी बायकामुले आणि परक्या देशात दिवाळखोरीचा शिक्का. १८१३ मध्ये दीन महंमद यांनी वृत्तपत्रात पुन्हा एक जाहिरात दिली. या वेळी ती घरकामाची नोकरी मिळावी म्हणून होती. उमरावांना जेवणाचे आमंत्रण देणारा माणूस दोन वर्षांनी त्यांच्याच घरी खिदमतगार होण्याची तयारी दाखवत होता. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत कठीण काळ.

पुढच्या वर्षी त्यांनी समुद्रकाठचे ब्रायटन गाठले. युवराजांच्या वास्तव्यामुळे या गावाला तेव्हा बहर आला होता. त्यांच्या ‘रॉयल पॅव्हेलियन’ या प्रासादावर वास्तुशिल्पी जॉन नॅश यांनी १८१५ पासून हिंदुस्तानी घाटाचे घुमट चढवण्यास सुरुवात केली. हिंदुस्थानचे वेड लागलेल्या या गावात दीन महंमद एका स्नानगृहात कामाला लागले. लंडनच्या अपयशातून ते एक गोष्ट शिकले असावेत, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून दिसते. जे गिऱ्हाइकाच्या घरी मिळते ते विकायचे नाही. वनौषधींच्या वाफेचे स्नान आणि त्यानंतर निष्णात हातांनी केलेली चंपी कोणत्याही इंग्रजाच्या घरी मिळत नव्हती. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत बसे, आत औषधी वाफ सोडली जाई आणि तंबूला ठेवलेल्या फटींतून हात घालून अंग रगडले जाई. स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी जेन यांनी उचलली.

संधिवाताने आखडलेले रुग्ण येऊ लागले. बरे झालेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या भिंतीवर मांडल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्याइतकी बोलकी जाहिरात दुसरी नव्हती. १८२१ मध्ये समुद्रासमोर ‘महोमेद्स बाथ्स’ हे स्वतंत्र स्नानगृह उभे राहिले आणि १८२२ मध्ये या उपचारावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजे चौथे जॉर्ज आणि त्यांच्यानंतर चौथे विल्यम यांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचा त्यांचा दावा मात्र खरा नव्हता. छावणीतील वर्षांत हे शिक्षण बसवता यावे म्हणून त्यांनी आपले जन्मसाल दहा वर्षे मागे नेले होते.

हे वैभवही शेवटपर्यंत टिकले नाही. व्यवसायातील भागीदाराच्या मृत्यूनंतर १८४१ मध्ये स्नानगृहाची इमारत लिलावात निघाली आणि ती विकत घेण्याची ऐपत दीन महंमद यांच्यात उरली नव्हती. राणी व्हिक्टोरिया यांना ब्रायटन रुचले नाही. १८५० मध्ये रॉयल पॅव्हेलियन गावाला विकण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस जेन यांचे निधन झाले आणि २४ फेब्रुवारी १८५१ रोजी दीन महंमद यांनी ब्रायटनमध्ये अखेरचा श्वास घेतला. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. थडग्यावर वय १०१ वर्षे कोरलेले आहे. वाढवलेली दहा वर्षे तेथवर सोबत आली. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महोमेद हे मात्र रीतसर वैद्यक शिकले आणि लंडनच्या गाय्ज रुग्णालयात त्यांनी उच्च रक्तदाबावर मूलभूत संशोधन केले.

त्यानंतर दीडशे वर्षे दीन महंमद विस्मृतीत गेले. दरम्यान, लंडन बदलत होते. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटजवळ ‘वीरास्वामी’ सुरू झाले. जहाजांवर खलाशी म्हणून आलेल्या सिल्हेटच्या माणसांनी विसाव्या शतकात गल्लोगल्ली करीची दुकाने काढली. त्यांचे गिऱ्हाईक हिंदुस्थानात राहून आलेले नबाब नव्हते. दिवसभर राबून संध्याकाळी स्वस्तात पोटभर जेवू पाहणारे साधे इंग्रज होते. २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ ठरवले. त्यानंतर चारच वर्षांनी जॉर्ज स्ट्रीटवर हिरवी पाटी लागली.

लंडनला हिंदुस्तानी जेवण आवडेल हा दीन महंमद यांचा अंदाज बरोबर होता. ते कोणाला आवडेल, एवढेच त्यांचे चुकले. ज्यांना ती चव माहीत होती त्यांना उपाहारगृहाची गरज नव्हती आणि ज्यांना गरज पडणार होती, त्यांच्या आवाक्यात ते जेवण यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागायची होती.