गल्लीचा डॉक्टर

मुंबई विद्यापीठात सोशिऑलॉजी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, तुमच्या डिपार्टमेंटचे पहिले प्रोफेसर कोण? बहुतेक जण घुर्ये सांगतील. उत्तर जवळपास बरोबर आहे, पण अगदी बरोबर नाही. १९१९ मध्ये हे डिपार्टमेंट सुरू झालं, देशातलं या विषयाचं पहिलं. ते सुरू करायला बोलावलेला माणूस होता पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा. पिंजारलेले केस, भरघोस दाढी, वय पासष्टीला टेकलेलं. मूळ विषय बॉटनी. आणि गंमत म्हणजे परीक्षा देऊन मिळवलेली एकही डिग्री त्याच्याकडे नव्हती.

आज तुमच्या आजूबाजूला चाळ जाते, टॉवर येतो, रस्ता रुंद होतो आणि पाण्याचा टँकर तरीही येतच राहतो. माणसं खूप, जागा कमी, पैसा कमी, पाणी त्याहून कमी, अशा शहराचं करायचं काय, या प्रश्नावर गेडिसने आपल्याकडच्या गल्लीबोळांत पायपीट करून उत्तरं शोधली होती. तीही शंभर वर्षांपूर्वी.

त्याचा जन्म २ ऑक्टोबर १८५४चा. हो, तारीख ओळखीची आहे. बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवर, वडिलांसोबत बागेत काम करण्यात गेलं. एडिंबरा विद्यापीठात बॉटनीला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडून दिलं. मग लंडनला जाऊन थॉमस हक्सलेच्या हाताखाली शिकला. हक्सले म्हणजे डार्विनच्या बाजूने मैदानात उतरलेला नामांकित शास्त्रज्ञ. त्याच्याकडे गेडिस प्रयोगशाळेत रमला, परीक्षेच्या वाटेला मात्र गेला नाही.

१८७९ मध्ये तो अभ्यासासाठी मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याची दृष्टी गेली. काही काळापुरतीच, पण हे आधी कुठे माहीत असतं? अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, डोळ्यांवर पट्टी, वय पंचविशीचं आणि मायक्रोस्कोपवर उभं केलेलं करिअर संपल्यात जमा. त्या खोलीत खिडकीच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्याला सुचलं की एकेक कल्पना एकेका चौकोनात ठेवता येईल, आडवी-उभी जोडता येईल. पुढे आयुष्यभर तो कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचा आणि त्यात विचार मांडायचा. माइंड मॅप वगैरे शब्द येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ठिकाण, काम आणि माणसं हे त्याचे आवडते तीन चौकोन. यातला एक सोडून बाकीच्या दोघांचा विचार करता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

डोळे सुधारले, पण मायक्रोस्कोप सुटल्यासारखाच झाला. १८८६ मध्ये त्याने ॲना मॉर्टनशी लग्न केलं आणि दोघं एडिंबराच्या जुन्या भागात जेम्स कोर्ट नावाच्या वस्तीत राहायला गेली. तुम्हाला चाळ माहीत असेल तर जेम्स कोर्ट डोळ्यांसमोर येईल. उंच, काळवंडलेल्या इमारती, मधे कोंदट अंगण, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. ज्यांना परवडत होतं ते शहराच्या नव्या भागात कधीच निघून गेले होते. हे जोडपं उलट दिशेने आलं. आल्यावर त्यांनी ना भाषण दिलं ना अर्ज केला. झाडू घेतला, चुना घेतला, खिडक्यांत फुलझाडं लावली. शेजारी आधी बघत राहिले असणार, मग हाताला लागले. अगदीच मोडकळीला आलेली एखादी इमारत पाडायची, बाकीच्या दुरुस्त करायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाग करायची, हा प्रकार तिथे सुरू झाला. १८८७ मध्ये त्याच भागात त्याने विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल काढलं. त्यात वॉर्डन नव्हता, कारभार मुलांनीच चालवायचा. (हे वाचून तुमच्यापैकी किती जणांनी उसासा टाकला असेल, याची मला कल्पना आहे.)

एका जुन्या मनोऱ्याचं त्याने म्युझियम केलं, आउटलुक टॉवर. त्यात खालून वर बघत जायचं नाही. आधी थेट गच्चीवर चढायचं, कॅमेरा ऑब्स्क्युराच्या भिंगातून आपलं शहर बघायचं आणि मग एकेक मजला उतरायचा. आधी शहर, मग स्कॉटलंड, मग युरोप, तळमजल्यावर जग. शहराचा अभ्यास करायचा तर आधी ते नीट बघा, हे त्याने असं इमारतीतच बसवून टाकलं होतं. दरम्यान डंडीच्या कॉलेजात तो बॉटनीचा प्रोफेसर झाला होता. ती नोकरी वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या टर्मपुरती, बाकीचा वेळ शहरांसाठी.

भारतात तो आला १९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून. सोबत शहरांविषयीचं त्याचं मोठं प्रदर्शन यायचं होतं. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे, चित्रं, आराखडे. ते दुसऱ्या बोटीत होतं आणि जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने ती बोट बुडवली. आपलं एका सबमिशनचं पेनड्राइव्ह करप्ट झालं तर आपण दोन दिवस जेवत नाही. इथे आयुष्यभराची कमाई समुद्राच्या तळाशी गेली होती. इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी मिळेल ते गोळा करून पुन्हा पाठवलं आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरलं.

आता त्या काळात आपल्याकडची पद्धत काय होती ते बघा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाटीची वस्ती पाडायची आणि तिथून सरळ रुंद रस्ता काढायचा. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे झाले. नकाशावर काम झकास दिसायचं. पण घर गेलेली माणसं हवेत विरत नाहीत. कामाच्या ठिकाणापासून लांब जाणं परवडत नाही, म्हणून ती शेजारच्या गल्लीत घुसतात आणि तिथली खोली आणखी भरते. म्हणजे दाटी कमी झालीच नाही, फक्त सरकली. इतर शहरांतल्या नगरपालिकाही हाच कित्ता गिरवू लागल्या होत्या.

गेडिसचा या पद्धतीवर राग होता. त्याची पद्धत तो शस्त्रक्रियेच्या भाषेत सांगायचा, 'काँझर्व्हेटिव्ह सर्जरी'. आधी रोगी तपासा, मग जितकं कापणं अगदीच भाग आहे तितकंच कापा. सर्वेक्षण आधी, आराखडा नंतर. आणि सर्वेक्षण म्हणजे टेबलावर नकाशा पसरणं नव्हे, तर गल्लीतून पायी फिरणं, अंगणात डोकावणं. कुठलं घर पडकं आहे, कुठली जागा रिकामी पडून आहे, पिंपळ कुठे आहे, देऊळ कुठे आहे, बायका पाणी कुठून आणतात हे सगळं टिपायचं. मग लक्षात येतं की दोन-चार पडकी घरं काढली तरी गल्लीला एक लहानसा चौक मिळतो, हवा खेळते. तंजावरच्या एका दाट भागासाठी इंजिनिअरने सरळ रस्त्यांची जाळी आखली होती, खर्च तीस हजार रुपये. गेडिसने तोच भाग फिरून दुरुस्त्या सुचवल्या आणि हिशोब दिला पाच हजारांचा. फरक नुसता पैशांचा नव्हता. दुसऱ्या हिशोबात बेघर होणारी माणसं कितीतरी कमी होती.

पाण्याबद्दल तर तो कमालीचा हट्टी होता. डास होतात म्हणून तलाव बुजवायचे, ही तेव्हाची फॅशन. तलाव बुजवला की खालचं पाणी जातं, गारवा जातो, पुराचं पाणी थोपवणारी जागाही जाते. त्याचा उपाय साधा होता: तलाव स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. विहिरी बंद करू नका, नीट ठेवा. ड्रेनेजचंही तेच. मुळात पाणी कमी असलेल्या गावाने इंग्लंडची नक्कल करत मैला पाण्याने वाहून नेणारी महागडी गटारं बांधायची आणि शेवटी तो मैला नदीत सोडायचा, हे त्याला पटत नव्हतं. घाण नदीत कशाला, मातीत जाऊ दे, खत होऊ दे, शहराभोवती बागा होऊ देत. यातलं सगळंच मोठ्या शहराला जसंच्या तसं लागू होईल का, याबद्दल मला शंका आहे. पण शहराचं सांडपाणी ही शहराचीच संपत्ती आहे, हे आज कुठल्याही एन्व्हायर्नमेंटच्या लेक्चरला सांगतात. तेव्हा ते सांगणारा सरकारी इंजिनिअरांना वेडा वाटायचा.

१९१७ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. मोठा मुलगा ॲलस्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बातमी भारतात पोचली तेव्हा ॲना तापाने अंथरुणाला खिळली होती. गेडिसने तिला सांगितलंच नाही. काही आठवड्यांत तीही गेली, मुलगा गेल्याचं न कळताच. जेम्स कोर्टात चुना लावायला सोबत असलेली ती. यानंतर तो थांबला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याने आणखी काम घेतलं.

त्यातलं मोठं काम इंदूरचं, तुकोजीराव होळकरांच्या राज्यातलं. शहरात प्लेग होता, मलेरिया होता आणि लोक नकाशा घेऊन फिरणाऱ्या या साहेबाकडे संशयाने बघत होते. आता हा आपलं घर पाडणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. गेडिसने दिवाळीच्या मिरवणुकीचा ताबा मागितला. नेहमीचा मार्ग रद्द. जी गल्ली सगळ्यात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, असं जाहीर झालं. झालं! जे नोटिसांनी होत नव्हतं ते चढाओढीने झालं. लोकांनी घरं झाडली, रंगवली, गल्लीगल्लीतून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. मिरवणुकीत रोगांचे राक्षस होते, डास होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यांच्या मागून सफाई कामगार, स्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगं रंगवलेली. मग शहराचा नवा नकाशा, आपापले देखावे घेऊन निरनिराळे कारागीर. शेवटी घाणीचा राक्षस आणि तो उंदीर रावणासारखे जाळले. प्लेग ओसरला. खरं तर साथ ओसरायचा हंगामही जवळ आला होता, त्यामुळे सगळं श्रेय मिरवणुकीला देता येणार नाही.

आणि एक गोष्ट खटकते. झाडूवाल्यांच्या गळ्यात हार पडला तो एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी मैला उचलायला तीच माणसं, त्याच जातीची. गेडिसने त्यांना मिरवणुकीत मान दिला, हे त्या काळात मोठंच होतं. पण ते काम त्यांच्याच वाट्याला का, हा प्रश्न त्याच्या चौकोनांत फारसा आला नाही. आज इंदूर २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवतं. तिथल्या पहाटेच्या पाळीतल्या कामगारांची नावं आपल्याला ठाऊक नसतात, हेही तसंच.

मग मुंबई. १९१९ ते १९२४. प्रोफेसर म्हणून तो विद्यार्थ्यांना झेपला का, तर सगळ्यांना नाही. दाढीतल्या दाढीत बोलायचा, एका विषयावरून दहा विषयांवर जायचा, हिशोबात कच्चा. पण माणूस ओळखायचा. मुंबई शहरावरचा निबंध वाचून त्याने मालवणच्या एका तरुणाला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची वाट करून दिली. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ मध्ये परतून त्यांनीच डिपार्टमेंट हाती घेतलं. त्याच काळात गेडिसने जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र लिहिलं आणि जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडाही केला. तेल अवीव शहराचा आराखडा १९२५चा.

शेवटची वर्षं फ्रान्समध्ये, माँपेलिएला. तिथेही स्वस्थ न बसता कॉलेज काढलं. १९१२ मध्ये नाकारलेली 'सर' ही पदवी १९३२ मध्ये घेतली आणि त्याच एप्रिलमध्ये तो वारला.

भारतातल्या शहरांवर त्याने पन्नासच्या आसपास अहवाल लिहिले. काही फिरून-फिरून, काही घाईत, थोड्या दिवसांत. बरेचसे नगरपालिकांच्या कपाटातच राहिले. १९४७ मध्ये जॅकलिन टिरव्हिट यांनी त्यातले निवडक भाग एका पुस्तकात छापले, 'पॅट्रिक गेडिस इन इंडिया' नावाने. मुंबई इलाख्यातल्या ज्या गावांवर त्याने १९१५ मध्ये लिहिलं, त्यात ठाणंही आहे. ठाण्यात राहत असाल, तर एक काम करा. तेव्हाचे तलाव किती होते आणि त्यातले आज कुठे कुठे इमारती उभ्या आहेत, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. मग चपला घाला आणि त्यांना सोबत घेऊन निघा.