पाच कमानी मलिक अंबरच्या

आमच्या हॉस्टेलच्या नळाला मे महिन्यात पाणी आलं असतं, तर हा लेख लिहिलाच गेला नसता. झालं काय, की पीएल सुरू होती, टँकर दोन दिवस फिरकला नव्हता आणि बादली घेऊन आम्ही सगळे रेक्टर सरांच्या खोलीबाहेर उभे होतो. माझा रूममेट याच गावचा, जुन्या शहरातला. त्याला कसली हुक्की आली कोण जाणे, त्याने मला रविवारी सकाळी घरी आंघोळीला बोलावलं आणि आंघोळ, नाश्ता झाल्यावर किल्ले अर्कजवळच्या जामा मशिदीत घेऊन गेला.

खरं सांगायचं तर तीन वर्षं या शहरात काढून मी बीबी का मकबरा, पाणचक्की आणि दोन मल्टिप्लेक्स एवढंच पाहिलं होतं. मशिदीत जाऊ देतील का, इथपासून शंका. पण बूट काढले, डोक्याला रुमाल बांधला आणि आत गेलो, तर कुणी काही विचारलंसुद्धा नाही. मोठं अंगण, समोर बुटका पण लांबलचक असा प्रार्थनेचा दालनवजा भाग, आत पाच रांगांत पन्नास दगडी खांब. दर्शनी बाजूला टोकदार कमानी. सवयीप्रमाणे मोजल्या. नऊ भरल्या. मग रूममेटने सांगितलं, की यातल्या पाच मलिक अंबरने उभारल्या आणि चार नंतर औरंगजेबाने वाढवल्या. पुढे लायब्ररीत जाऊन गॅझेटिअर काढलं, त्यातही तेच होतं.

तिथंच डोक्यात किडा शिरला. हे दोघं एकाच बाजूचे नव्हते. मलिक अंबरने अख्खं उतारवय मोगलांशी लढण्यात घालवलं आणि औरंगजेब तर मोगलच. मग एकाच रांगेत दोघांच्या कमानी कशा? उत्तर शोधायचं तर अंबरचं आयुष्यच वाचावं लागतं.

हा माणूस आपल्याकडचा नाहीच मुळी. 1548 च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. हाताहातातून फिरत तो बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोहोचला. या मालकाने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं आणि नवं नाव दिलं, अंबर. पुढे समुद्र ओलांडून तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. (हा चंगेजखान मंगोल नव्हे! हासुद्धा एके काळी गुलाम असलेला हबशीच होता.) गुलामाचा पेशवा होऊ शकतो, हे अंबरने रोज डोळ्यांनी पाहिलं. कारभार कसा चालतो, फौज कशी पोसतात, हे तो इथंच शिकला.

1575 च्या आसपास चंगेजखान वारला आणि अंबर मोकळा झाला. मोकळा म्हणजे आपल्या भाषेत डिग्री हातात, पण प्लेसमेंट नाही! पुढची वीस वर्षं तो विजापूरकडे वगैरे नोकऱ्या करत राहिला. तिथं त्याला मलिक ही पदवी मिळाली. 1595 च्या सुमारास तो अहमदनगरला परतला, तेव्हा हाताखाली जेमतेम दीडशे घोडेस्वार होते. वय सत्तेचाळीसच्या आसपास. या वयात माणसं रिटायरमेंटचा हिशेब मांडायला लागतात. अंबरचं खरं आयुष्य इथून सुरू झालं.

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने घराण्यातला एक वारस शोधला, परांड्याला त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला. मोगलांच्या अवजड फौजेसमोर उघड्या मैदानात टिकाव लागणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने हलके, चपळ मराठे स्वार जमवले. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात पसार व्हायचं. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे याच निजामशाहीत लढाई शिकले. पुढे सह्याद्रीत जे घडलं, त्याची थोडी तयारी इथं झाली होती.

अंबर म्हणजे संत होता असं मात्र समजू नका. ज्याला गादीवर बसवलं, त्या मुर्तजाशी बिनसल्यावर 1610 मध्ये त्याचा काटा अंबरनेच विषप्रयोगाने काढला, असं सांगितलं जातं. नवा सुलतान लहान मूल. म्हणजे सगळी सत्ता अंबरकडेच.

आणि त्याच वर्षी त्याने आपल्या या शहराचा पाया घातला. खडकी नावाचं गाव होतं, नावाप्रमाणे खडकाळ. तिथं त्याने राजधानी वसवायला घेतली. 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. मशिदी बांधल्या, त्यांतच आपली जामा मशीद. पण दरवाजे आणि मशिदींनी शहर होत नाही. प्यायला पाणी हवं, जनावरांना पाणी हवं, मशिदीत वजूलासुद्धा पाणी हवं. आणि खडकीत नेमकं तेच कमी.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारावेत. अंबरने नदी अडवली नाही. शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी असतं, ते त्याने भूमिगत चरांमध्ये गोळा केलं आणि उताराने शहराकडे आणलं. पंप नाही, मोटर नाही, सगळा खेळ हेडचा. साफसफाईसाठी जागोजागी मॅनहोल ठेवले. जमिनीखालून वाहत असल्यामुळे उन्हात पाणी उडत नाही आणि शत्रूला सहज दिसत नाही. ही योजना ऐकून दरबारातली मंडळी हसली होती म्हणे. 1617 च्या सुमारास पाणी शहरात पोहोचलं. तीच नहर-ए-अंबरी. लेव्हल दोन सेंटिमीटरने चुकली की सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आमचं जर्नल परत येतं. इथं उतार चुकला असता, तर अख्खं शहर तहानलेलं राहिलं असतं.

बरं, हे सगळं शांततेत चाललं होतं असंही नाही. 1616 मध्ये मोगल फौजेने खडकी लुटून जाळली. अंबरने पुन्हा उभी केली. 1621 मध्ये शहाजहानच्या फौजेने (तेव्हा तो शहजादा होता) पुन्हा तेच केलं. बादशहा जहांगीरचा अंबरवर इतका राग, की त्याने अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही! 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरच्या फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीभोवती चिखल करून टाकला आणि मग हल्ला केला. पाणी आणता येत होतं तसं सोडताही येत होतं.

1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. तो गेल्यावर जहांगीरच्या दरबारी इतिहासकारानेसुद्धा त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंडभरून स्तुती लिहिली. पण निजामशाही त्याच्यामागे दहा वर्षंच टिकली. मुलगा फत्तेखान याने शहराला स्वतःचं नाव दिलं, फतेहनगर, आणि 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. 1653 मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून पुन्हा आला आणि शहर औरंगाबाद झालं. 2023 पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर.

म्हणजे बघा, जहांगीरने अंबरच्या मुंडक्याचं चित्र काढून घेतलं, शहाजहानच्या फौजेने त्याचं शहर उद्ध्वस्त केलं. आणि जहांगीरचा नातू, शहाजहानचा मुलगा औरंगजेब इथं राहायला आला, तेव्हा अंबरच्या पाच कमानी पाडाव्यात असं त्याला वाटलं नाही. शेजारी चार जोडल्या. अंबरच्या नहरीसारख्याच आणखी नहरी पुढच्या काळात झाल्या. पाणचक्की फिरते तीसुद्धा तशाच एका नहरीच्या पाण्यावर. राज्य शत्रूने घेतलं, नाव पुसलं गेलं, पण जे उपयोगाचं होतं ते कुणी मोडलं नाही.

निदान शत्रूंनी तरी नाही. नहरीवर खोदकाम करून, कचरा टाकून, पाया घालून ती जागोजागी फोडली-बुजवली, ती आपण, म्हणजे नंतरच्या शहराने. यात इंजिनिअर नव्हतेच असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

मशिदीतून निघताना मी कमानी पुन्हा मोजल्या. कुठली पाचवी आणि कुठली सहावी, ते मला काही ओळखता आलं नाही. संध्याकाळी हॉस्टेलवर आलो तर टँकर आला होता. बादली घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढे चाळीस जण होते, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्या हबशाचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला.