शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यासक : होरेस बेलशॉ

कर्ज शेतकऱ्याला तारते, तसेच बुडवतेही. या प्रश्नाचा अभ्यास करणारे प्राध्यापक होरेस बेलशॉ यांचा जन्म 1898 साली इंग्लंडमध्ये झाला. पण त्यांची कर्मभूमी न्यूझीलंड. ऑकलंडला ते अर्थशास्त्र शिकवीत.

1930 नंतरच्या जागतिक मंदीत लोणी, लोकर, मांस यांचे भाव कोसळले आणि तेथील शेतकरी कर्जात रुतले. 1932 साली सरकारने नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीत बेलशॉ होते. देशाच्या पौंडाचे मोल उतरवले, तर परदेशी विकलेल्या मालाचे जास्त पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतील, असा त्यांचा विचार होता. आयात माल महागणार म्हणून विरोध झाला. तरी 1933 साली सरकारने ते पाऊल उचलले. अर्थमंत्र्यांनी मात्र राजीनामा दिला.

महायुद्धानंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम केले. गरीब देशांतील शेतीकर्जावरचा त्यांचा ग्रंथ 1959 साली निघाला. नुसता पैसा देऊन भागत नाही. त्याला शेतीचे ज्ञान, बाजारपेठ आणि सहकार यांची जोड हवी, हे त्याचे सार. 1962 साली ते वारले.

आपल्या मॉरिशसमध्ये लहान ऊसवाल्यांसाठी 1913 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या संस्थांचे मोल बेलशॉ वाचले की नीट उमगते.