प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. मडके पक्के भाजले आहे की कच्चे राहिले आहे, हे कुंभार थापटण्याच्या हलक्या टोल्याने ओळखतो. त्याच थापटण्याने गोरोबांनी जमलेल्या संतांची मस्तके पारखली व नामदेवांस कच्चे ठरविले, असे परंपरा सांगते. वस्तू न फोडता तिचे अंतरंग जाणणे ही कारागिराची विद्या होय. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ज्यास रासायनिक पृथक्करण म्हणतो, ते तिचेच भावंड. ह्या विद्येत ज्यांनी नाव मिळविले ते प्रो. गज्जर एका सुताराचे पुत्र होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्राचीन तेर, म्हणजे तगर नगर, येथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे, अशी नोंद पेरिप्लस ह्या ग्रीक ग्रंथात आहे. त्या भडोचच्या दक्षिणेस सुरत. तेथे १८६३ साली त्रिभुवनदासांचा जन्म झाला. घरच्या कारखान्यात हत्यारांशी ओळख झाली, आणि मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राशी. १८८६ साली ते बडोदा कॉलेजात ह्या शास्त्राचे अध्यापक झाले. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभून १८९० मध्ये तेथे कलाभवन स्थापन झाले, त्याचे प्रवर्तक गज्जरच. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय तेथे देशी भाषेतून शिकविले जात. त्या काळी हे धाडसच होते. आपले दादासाहेब फाळके ह्याच संस्थेचे विद्यार्थी.

पुढे गज्जर मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विल्सन कॉलेजात रसायनाचे प्रोफेसर म्हणून आले. ज्या प्रसंगाने त्यांचे नाव घरोघरी गेले, तो ह्याच काळातला. मुंबईच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाचा शुभ्र संगमरवरी पुतळा होता. बडोद्याचे खंडेराव महाराज ह्यांनी तो करवून दिला होता व १८७२ साली त्याचे अनावरण झाले होते. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री कोणी त्यास डांबर फासले व गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे कृत्य चाफेकर बंधूंचे, हे पुढे दामोदरपंतांच्या जबानीवरून उघड झाले. सरकारने डाग काढविण्याची पराकाष्ठा केली, परंतु नामांकित युरोपियन रसायनज्ञांनीही हात टेकले.

अडचण कोठे होती, हे आपण वर्गातील ज्ञानानेही समजू शकतो. संगमरवराच्या भुकटीवर सौम्य अम्लाचे थेंब टाका; ती फसफसते. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. म्हणजे हा दगड कार्बोनेट आहे. सारांश, अम्लाने धुवावे तर डाग जागीच राहून राणीचे नाक झिजावयाचे! डांबर विरघळविणारे तेलकट द्रव लावावे, तर विरघळलेला काळा रस दगडाच्या बारीक छिद्रांत अधिकच खोल मुरावयाचा. तेव्हा डाग कशाचा व दगड कशाचा, ह्या दोन्ही गोष्टी आधी जाणल्यावाचून हात लावण्यात अर्थ नव्हता. डांबर तर गज्जरांच्या जुन्या परिचयाचे. ज्या कृत्रिम रंगांचे शिक्षण त्यांनी बडोद्यास दिले, त्यांचा उगम दगडी कोळशाच्या डांबरातच आहे. १८९८ साली त्यांनी तो पुतळा पूर्ववत् शुभ्र करून दाखविला.

ज्यांनी डांबर फासले ते देशासाठी फासावर गेले. ज्याने ते पुसले तोही देशी उद्योगांचाच पुरस्कर्ता. मग हे काम त्याने करावे काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. आमच्या मते मात्र त्या सफाईने राणीपेक्षा हिंदी रसायनज्ञाचीच प्रतिष्ठा अधिक उजळली. ह्या देशातील माणसास रसायन पाठ करता येते पण वापरता येत नाही, असे मानणाऱ्यांस ते उत्तर होते.

नंतर गज्जरांनी जुन्या, निस्तेज मोत्यांस पुन्हा पाणी चढविण्याची कृती शोधली. मोती हेही मुख्यतः कार्बोनेटच. तेथेही अम्लाचा जपूनच विचार करावा लागतो. ह्या व्यवसायात त्यांस पुष्कळ द्रव्य मिळाले. मुंबईस त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उघडली. वरच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस हाताने प्रयोग करावयास जागा मिळणे तेव्हा दुर्मिळ असे, ती त्यांस तेथे मिळाली.

१९०७ साली त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन ह्यांच्या उद्योगाने अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. त्यामागेही गुरूंचाच हात होता. १९२० साली प्रो. गज्जर निवर्तले. कारखाना पुढे बडोद्यास वाढला. अलेंबिक म्हणजे अर्क काढावयाचे भांडे. प्रयोगशाळेत वाकड्या चोचीचे जे काचपात्र असते, ते त्याच्याच कुळातले.