विश्लेषण : रायफलच्या अचूक नेमाचे उत्तर नळीत शोधणारे जोसेफ व्हिटवर्थ कोण होते?

२ जुलै १८६०. लंडनजवळच्या विम्बल्डन मैदानावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू होत होती. लोखंडी स्टँडवर घट्ट बसवलेल्या रायफलच्या चापाला दोरी बांधली होती. राणी व्हिक्टोरियाने ती ओढली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्यात, मध्यबिंदूपासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली. ही रायफल होती जोसेफ व्हिटवर्थ यांची. मात्र ती सरसकट सैनिकांच्या हाती देण्यास ब्रिटिश लष्कर राजी नव्हते. असे का झाले आणि तरीही आजच्या नेमबाजांना व्हिटवर्थ यांचे काम का उपयोगी पडते?

व्हिटवर्थ मूळचे कोण?

ते बंदूक बनवणारे नव्हते. २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांना काकांच्या सूतगिरणीत कामाला लावण्यात आले. हिशेब आणि व्यापारापेक्षा यंत्रांतच त्यांचे मन रमले. गिरणी सोडून ते मँचेस्टरला गेले आणि साधे मेकॅनिक म्हणून राबले. १८२५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी हेन्री मॉड्सले या नामवंत यंत्रकाराच्या कारखान्यात नोकरी धरली. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा हत्यारे आणि यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला.

त्यांची खासियत काय होती?

मोजमाप. त्या काळी लोखंडी पत्रे घासून सपाट करत, पण ते खरोखर सपाट आहेत का, हे तपासणे अवघड होते. दोन पत्रे एकमेकांवर नीट बसले तरी एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो. व्हिटवर्थ यांनी तीन पत्रे घेऊन ते आलटूनपालटून एकमेकांशी ताडून पाहिले. रंग लावून उंचवटा शोधायचा, तेवढाच खरवडायचा. तिन्ही पत्रे एकमेकांवर बसले, की ते सपाटच असणार. १८४१ मध्ये त्यांनी स्क्रूच्या आट्यांसाठी ५५ अंशांचे एकच प्रमाण सुचवले. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये ‘बीएसडब्ल्यू’ आटे म्हणतात, त्यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. इंचाचा दहा लाखावा भाग टिपणारे यंत्रही त्यांनी बनवले.

मग रायफलशी संबंध कसा आला?

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. लष्कराला एन्फिल्ड रायफली भराभर हव्या होत्या आणि त्यासाठी यंत्रे बनवण्याचे काम सरकारला व्हिटवर्थ यांच्याकडे सोपवायचे होते. व्हिटवर्थ यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला. नळी कशी असावी हेच कुणी प्रयोग करून ठरवले नसेल, तर तीच चूक यंत्राने हजारो वेळा करण्यात काय अर्थ? सरकारने त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणी गॅलरी बांधून दिली. वाऱ्याचा अडथळा नको म्हणून ती बंदिस्त होती. आत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावले होते. गोळीने पाडलेल्या छिद्रांवरून तिचा पूर्ण मार्ग दिसे.

नळीत नेमके काय बदलले?

नळीच्या आतल्या खाचांना पीळ असतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि हवेत कोलांट्या खात नाही. एन्फिल्डची नळी ०.५७७ इंच व्यासाची होती आणि तिच्या खाचा ७८ इंचांत एक फेरा घेत. नळीच ३९ इंचांची, म्हणजे गोळीला आत जेमतेम अर्धा फेरा मिळे.

व्हिटवर्थ यांनी व्यास ०.४५१ इंचांवर आणला, पण गोळीचे वजन सुमारे ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅम ठेवले. तेवढेच शिसे अरुंद नळीत बसवायचे तर गोळी लांब होणार. लांब, निमुळत्या गोळीला हवेचा अडथळा कमी होतो, पण ती स्थिर ठेवायला वेगाने फिरवावी लागते. म्हणून त्यांनी पीळ २० इंचांत एक फेरा इतका घट्ट केला. खाचांऐवजी नळीचे भोकच षटकोनी ठेवले आणि गोळीही त्याच आकाराची बनवली.

चाचणीत काय झाले?

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची तुलना झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी सुमारे २७ इंच भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आत राहिल्या. पुढच्याच महिन्यात भारतात उठाव पेटला. त्याचे निमित्त ठरलेली काडतुसे याच एन्फिल्डची होती.

तरीही नकार का?

अरुंद षटकोनी नळीत दारूची काजळी लवकर साचे आणि साफ करणे कठीण जाई. गोळी पुढून भरायची असल्याने लढाईत हे परवडणारे नव्हते. शिवाय किंमत एन्फिल्डच्या सुमारे चौपट होती. लष्कराच्या या हरकती निराधार नव्हत्या. गॅलरीतली सर्वोत्तम नळी रणांगणावर सर्वोत्तम ठरेलच असे नाही.

अमेरिकी यादवी युद्धात मात्र दक्षिणेकडील सैन्याने मोजक्या व्हिटवर्थ रायफली निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे जनरल जॉन सेजविक मारले गेले, ते याच रायफलच्या गोळीने, असे मानले जाते. एवढी अचूकता माणसाचा जीव घेण्यासाठीही वापरली गेली, हा या कहाणीचा दुसरा भाग.

पुढे काय उरले?

षटकोनी नळी मागे पडली, पण तिच्यामागचा विचार टिकला. ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची नळी ०.४५० इंचांची होती आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थ यांच्या आकड्यांच्या अगदी जवळ.

आजही लांब पल्ल्याच्या रायफलची नळी काही हजार गोळ्यांनंतर झिजते. गरम वायूंमुळे खाचांची सुरुवातच खाल्ली जाते आणि नेम बिघडतो. नवी नळी, म्हणजे बॅरल, निवडताना नेमबाज आधी गोळी ठरवतो आणि मग तिच्या लांबीला साजेसा पीळ. ०.३०८ कॅलिबरच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीसाठी साधारण १० ते ११ इंचांत एक फेरा चालतो. त्यानंतर नळीची लांबी, जाडी आणि पोलाद यांचा विचार. महागडी नळी घेतली पण पीळ गोळीशी जुळला नाही, तर पैसे वाया जातात.

व्हिटवर्थ यांना १८६९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याआधीच तरुण अभियंत्यांसाठी त्यांनी वर्षाला ३ हजार पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये कलादालन उभे राहिले, कर्करोग रुग्णालयाला मदत मिळाली आणि त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात.