प्रा. येशायाहू लायबोविट्स

इस्राएलात प्रा. येशायाहू लायबोविट्स यांचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. त्यांचा जन्म १९०३ साली रीगा शहरी झाला. बर्लिनला रसायनशास्त्र व तत्त्वज्ञान आणि पुढे बाझलला वैद्यक शिकून १९३५ साली ते यरुशलेमला आले. तोराच्या नामवंत शिक्षिका नेहामा लायबोविट्स या त्यांच्या धाकट्या भगिनी.

हिब्रू विद्यापीठात त्यांनी जीवरसायन व मज्जासंस्थेचे कार्य शिकविले, तसेच तत्त्वज्ञानही. मेंदू व मन यांचा संबंध हा त्यांच्या आवडीचा विषय. त्यांचे म्हणणे असे : मेंदूतील घडामोडी उपकरणाने कोणालाही पाहता येतात, पण विचार ज्याचा त्यालाच कळतो. ही गाठ विज्ञानाला सुटणारी नाही. विज्ञान काय आहे ते सांगते. काय करावे, ते माणसाने स्वतः ठरवायचे आणि त्याची जबाबदारीही स्वतःच घ्यायची.

धर्माचेही तेच. ते मित्स्वोत नेमाने पाळीत, पण फळाच्या आशेने पाळणे त्यांना मान्य नव्हते. १९६७ च्या युद्धात जिंकलेला मुलूख सोडावा, परक्यांवर राज्य करताना आपलेच शील बिघडेल, असे ते उघड सांगत. त्यांची भाषा कठोर असे, पुष्कळजण दुखावले. १९९३ साली त्यांना इस्राएल पारितोषिक जाहीर होताच वाद उसळला. पंतप्रधान राबिन यांनी समारंभास न जाण्याचे ठरविले, तेव्हा लायबोविट्स यांनी पारितोषिकच नाकारले. १९९४ साली ते यरुशलेममध्ये निवर्तले.

त्यांची मते सर्वांना पटतील असे नाही. परंतु वर्गात शिकविले तेच त्यांनी बाहेर आचरले, आणि शिक्षकाला याहून मोठे भूषण नाही.