तिचा आजार सगळ्यांना माहीत होता, फक्त तिला सोडून… 'जेनेव्हीव्ह'वाल्या के केंडलची गोष्ट

ब्रायटनमधलं एक हॉटेल. रात्रीची वेळ. ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि जोडपी नाचतायत.

अशात एक उंच, देखणी तरुणी टेबलावरून उठते. तिला जरा जास्तच झालेली आहे. तोल सावरत ती थेट बँडवाल्यांपर्यंत पोहोचते आणि ट्रम्पेट मागते. तिच्यासोबत आलेल्या माणसाला घाम फुटतो. आता ही आपली शोभा करणार, याची त्याला खात्रीच असते. आजूबाजूचे लोक गालातल्या गालात हसायला लागतात.

ती ट्रम्पेट ओठांना लावते आणि अख्खा हॉल गप्प होतो.

आधी एक जुनं, संथ गाणं. मग त्याच गाण्याचा असा काही धडाकेबाज जॅझ होतो की थांबलेले लोक पुन्हा नाचायला लागतात. वाजवून झाल्यावर ती ऐटीत आपल्या खुर्चीवर येऊन बसते आणि पुढच्याच क्षणी गाढ झोपी जाते.

१९५३ साली आलेल्या 'जेनेव्हीव्ह' या ब्रिटिश सिनेमातला हा सीन. सिनेमा दोन जुन्या गाड्यांचा, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ट्रम्पेटवाली. तिचं नाव के केंडल.

पंचवीस-सव्वीस वर्षांची ही मुलगी या एका सिनेमाने स्टार झाली. त्यानंतर तिला जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्यातली शेवटची अडीच वर्षं तिच्या जवळच्या माणसांना एक गोष्ट माहीत होती, जी तिला कुणीच सांगितली नव्हती.

तर सुरुवातीपासून बघू.

के केंडलचा जन्म २१ मे १९२७ चा. गाव विदर्नसी. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, समुद्राच्या काठावर वसलेलं छोटंसं गाव. तिथलं दीपगृह किनाऱ्यावर नाही, तर चक्क गावाच्या मधोमध, घरांच्या गराड्यात उभं आहे.

तिच्या घरातच नाटक-तमाशाचा धंदा होता असं म्हटलं तरी चालेल. आजी मेरी केंडल ही म्युझिक हॉलची नावाजलेली गायिका. म्युझिक हॉल म्हणजे गाणी, नकला, नाच, विनोद असं सगळं एकाच तिकिटात देणारी इंग्लंडमधली थिएटरं. वडीलही स्टेजवर नाचणारे. त्यामुळे मुलगी दुसरं काही करेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

के वयाच्या मानाने फार उंच होती. पुढे ती पाच फूट नऊ इंचांपर्यंत गेली. या उंचीचा पहिला फायदा तिला लहानपणीच झाला. कोवळ्या वयातच ती लंडनच्या प्रसिद्ध पॅलेडियम थिएटरमध्ये मागे नाचणाऱ्या मुलींच्या रांगेत उभी राहिली. नंतर बहीण किमसोबत तिने जोडीने कार्यक्रम केले.

१९४६ साली तिला मोठी संधी मिळाली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. हॉलिवूडच्या तोडीचे संगीतपट आपणही बनवू शकतो, हे ब्रिटिश निर्मात्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी 'लंडन टाउन' नावाचा रंगीत सिनेमा काढला गेला. अमेरिकेतून दिग्दर्शक आणला, पैसा पाण्यासारखा ओतला. १९ वर्षांच्या केला त्यात महत्त्वाची भूमिका मिळाली.

सिनेमा सपाटून आपटला. ब्रिटिश सिनेमाच्या इतिहासातल्या मोठ्या अपयशांमध्ये आजही त्याचं नाव घेतलं जातं.

अशा वेळी पडत्याची झळ सगळ्यात आधी नवख्यांना लागते. केच्या हातातलं कामच गेलं. पुढची पाच-सहा वर्षं तिने छोटी नाटकं केली, सिनेमात मिळतील त्या फुटकळ भूमिका केल्या. उंची आता अडचण ठरत होती, कारण बरेचसे हिरो तिच्याशेजारी बुटके दिसायचे.

आणि मग आला 'जेनेव्हीव्ह'.

हा सिनेमा समजून घ्यायचा तर आधी एक वेगळीच भानगड समजून घ्यावी लागेल. इंग्लंडमध्ये १८९६ पर्यंत मोटारगाडीच्या पुढे एका माणसाने पायी चालत जायचं, असा कायदा होता. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. त्या वर्षी कायदा बदलला, पुढे चालणारा माणूस गेला आणि मर्यादा १४ मैलांवर आली. या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी गाडीवाल्यांनी लंडनहून समुद्रकिनाऱ्यावरच्या ब्रायटनपर्यंत गाड्या पळवल्या.

१९२७ पासून त्याची आठवण म्हणून दर नोव्हेंबरात ही फेरी निघते. लंडनच्या हाइड पार्कमधून पहाटे सुरुवात होते, त्याआधी एक लाल झेंडा फाडला जातो. नियम साधा आहे. गाडी १९०५ च्या आधीची पाहिजे आणि ही शर्यत नाही. पहिलं कोण आलं याला काही किंमत नाही, गाडी पोहोचली हेच खूप झालं.

आता शर्यत नाही म्हटल्यावर दोन पुरुषांनी ती लावणं आलंच.

सिनेमात ॲलन नावाच्या वकिलाकडे १९०४ सालची फ्रेंच बनावटीची डॅरॅक गाडी आहे, तिचंच नाव जेनेव्हीव्ह. त्याचा मित्र ॲम्ब्रोसकडे डच बनावटीची स्पायकर. ॲलनसोबत त्याची बायको आहे, जिला या फेरीचा मनापासून कंटाळा आलाय. ॲम्ब्रोससोबत आहे फॅशन मॉडेल रोझलिंड आणि तिचा भलामोठा सेंट बर्नार्ड कुत्रा. रोझलिंडची भूमिका के केंडलची.

ब्रायटनला जाताना गाड्या बंद पडतात, भांडणं होतात. तिथे पोहोचल्यावर दोघा मित्रांची १०० पौंडांची पैज लागते. परतीच्या वाटेवर लंडनचा वेस्टमिन्स्टर पूल जो आधी ओलांडेल तो जिंकला. मग एकमेकांच्या गाडीत खोड्या करणं, पोलिसांना मागे लावणं, बायकांनी कपाळावर हात मारणं, असं सगळं सुरू होतं.

यात कुणी खलनायक नाही. दोन शहाणीसुरती माणसं पन्नास वर्षं जुन्या पत्र्यासाठी लहान पोरांसारखी भांडतात, एवढाच विषय. तरी शेवटी डोळ्यांत पाणी येतं. शर्यत ऐन रंगात असताना एक म्हातारा ॲलनला थांबवतो. अशाच डॅरॅकमध्ये तरुणपणी आपण बायकोला फिरवायचो, हे त्याला सांगायचं असतं. पैज हातची जात असतानाही ॲलन त्याचं ऐकत उभा राहतो. जुन्या गाडीवर माणसं जीव का टाकतात, याचं उत्तर सिनेमा त्या दोन-तीन मिनिटांत देऊन जातो.

पडद्यामागे मात्र वेगळीच धमाल चालू होती. ॲलन झालेल्या जॉन ग्रेगसनला गाडीच चालवता येत नव्हती, तो सेटवर शिकला. ॲम्ब्रोसचं काम करणारा केनेथ मोर दिवसा शूटिंग करायचा आणि रात्री टेरेन्स रॅटिगन या नाटककाराच्या 'द डीप ब्लू सी' नाटकात उभा राहायचा. (रॅटिगन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) बरंचसं शूटिंग खऱ्या ब्रायटन रस्त्यावर न होता पाइनवुड स्टुडिओच्या आसपासच्या रस्त्यांवर झालं. दिवस थंडीचे, गाड्या उघड्या आणि हसायचं मात्र उन्हाळ्यात असल्यासारखं.

ट्रम्पेटचे सूर केचे नव्हते, ते वाजवले होते केनी बेकर या जॅझ वादकाने. पण फुगलेले गाल, ताठ मान, वाजवतानाचा तोरा आणि नंतर कोसळणं हे सगळं तिचं. एवढी देखणी बाई स्वतःचं हसं करून घ्यायला जराही कचरत नाही, हे लोकांना नवीन होतं.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांत 'जेनेव्हीव्ह' वरच्या क्रमांकावर होता. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिनेमाचा बाफ्टा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

के रातोरात स्टार झाली. १९५४ मध्ये 'डॉक्टर इन द हाउस' आला, तोही तुफान चालला. न पटलेल्या भूमिका ती सरळ नाकारायची, त्यावरून तिचे कंपनीशी खटकेही उडाले. कधीकाळी काम मागत फिरणारी मुलगी आता कामाला नाही म्हणत होती.

याच काळात 'द कॉन्स्टंट हसबंड' या सिनेमाच्या सेटवर तिची रेक्स हॅरिसनशी गाठ पडली. रेक्स तिच्याहून १९ वर्षांनी मोठा, नावाजलेला नट आणि विवाहित. त्याची बायको लिली पाल्मर हीसुद्धा मोठी अभिनेत्री. प्रेम जमलं, बोभाटा झाला. १९५६ पासून रेक्स न्यूयॉर्कमध्ये 'माय फेअर लेडी' या संगीत नाटकात काम करत होता, नाटकाने धुमाकूळ घातला होता. के त्याच्या मागोमाग अमेरिकेत पोहोचली.

१९५७ च्या सुरुवातीला तिच्या डॉक्टरांनी रेक्सला बोलावून घेतलं.

केला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. त्या काळात त्यावर उपाय नव्हता. हातात फार तर दोन-तीन वर्षं होती. ही गोष्ट डॉक्टरांनी पेशंटला नाही, तर लग्नही न झालेल्या तिच्या जोडीदाराला सांगितली.

आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा हीच रीत होती. कर्करोग झाल्याचं पेशंटला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं. कळलं तर माणूस हाय खाईल, ही त्यामागची समजूत. आपल्याकडेही कित्येक घरांत दवाखान्याची फाइल अशी लपवली गेली आहे.

रेक्सने ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. तिच्या अंगात लोह कमी आहे, रक्त कमी पडतंय, एवढंच तिला सांगण्यात आलं.

पण तिची काळजी घ्यायची तर लग्न करावं लागणार आणि त्याआधी घटस्फोट हवा. रेक्सने लिलीला खरं काय ते सांगितलं. लिलीने पुढे आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे ती घटस्फोटाला तयार झाली आणि केच्या पश्चात पुन्हा एकत्र यायचं, असंही दोघांत ठरलं. मात्र लिलीच्या आयुष्यात दुसरा माणूस आला होता. तिने त्याच्याशी लग्न केलं आणि ते परत येणं राहूनच गेलं.

२३ जून १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये के आणि रेक्सचं लग्न झालं. नवरीला वाटत होतं, आता कुठे आयुष्य सुरू होतंय.

तसं वाटायला कारणही होतं. त्याच वर्षी तिचा हॉलिवूडमधला 'ले गर्ल्स' आला. एकाच घटनेबद्दल तीन माणसं कोर्टात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि खरं काय ते कळतच नाही, अशी त्याची कथा. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला. पुढच्या वर्षी 'द रिलक्टंट डेब्युटंट'मध्ये ती आणि रेक्स नवरा-बायको म्हणूनच पडद्यावर आले. सिनेमा निखळ विनोदी आहे. तो चित्रित होत असताना त्यातल्या नवऱ्याला काय माहीत होतं, हे कळल्यावर मात्र तो पूर्वीसारखा बघता येत नाही.

तिला अधूनमधून अशक्तपणा यायचा, उपचार व्हायचे, ती पुन्हा उभी राहायची. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये तिने 'वन्स मोअर, विथ फीलिंग' या सिनेमाचं शूटिंग पूर्ण केलं. तो पडद्यावर आलेला तिने पाहिला नाही. ६ सप्टेंबर १९५९ रोजी लंडनच्या एका दवाखान्यात ती गेली. वय अवघं ३२.

म्युझिक हॉल गाजवणारी आजी तेव्हा हयात होती.

केला खरंच काही कळलं नव्हतं का? यावर आजही एकमत नाही. काहींच्या मते तिला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. काहींना वाटतं, ती सगळं ओळखून होती, पण रेक्सला त्रास नको म्हणून काही कळलं नसल्यासारखी वागली.

आता तो रॅटिगन. तो या दोघांचा मित्र होता. या प्रसंगावरून सुचलेलं त्याचं 'इन प्रेज ऑफ लव्ह' हे नाटक १९७३ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात बायकोला असाध्य आजार आहे. नवऱ्याला काहीच माहीत नाही असं समजून ती त्याच्यापासून ते लपवते. नवऱ्याला सगळं माहीत आहे आणि ते तो तिच्यापासून लपवतो. दोघंही एकमेकांना वाचवत राहतात आणि मनातलं बोलायचं राहून जातं.

१९७४ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा त्या नवऱ्याची भूमिका कोणी केली? खुद्द रेक्स हॅरिसनने.

रेक्सने केलं ते प्रेमापोटी केलं, यात शंका नाही. दोन वर्षं त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, त्याच्या आयुष्यातला हा कदाचित सगळ्यात अवघड अभिनय असेल. पण उरलेले दिवस कसे घालवायचे, काय करायचं, कुणाला भेटून घ्यायचं, हे ठरवण्याचा हक्क केचा होता. तो तिला मिळाला नाही, हेही तितकंच खरं.

पुढे तिच्या नावाने ल्युकेमियावरच्या संशोधनाला पैसा देणारा निधी उभा राहिला. विदर्नसीच्या त्या गावामधल्या दीपगृहाचा दिवा १९७६ मध्ये विझला, पुढे तिथे संग्रहालय झालं आणि त्यात केच्या आठवणी जपल्या गेल्या.

जेनेव्हीव्ह गाडी मधल्या काळात ऑस्ट्रेलियापर्यंत फिरून आली. आता ती नेदरलँड्समधल्या हेग शहरात, लॉमन म्युझियममध्ये उभी आहे आणि शेजारी तिची जुनी दुश्मन स्पायकर. १९०४ सालची गाडी, पण नीट पुसलेली, जपलेली. तिचा कुठला भाग कधी बिघडला आणि कधी बदलला, हे तिची देखभाल करणाऱ्यांना ठाऊक असतं.

आणि के? तिला बघायचं असेल तर 'जेनेव्हीव्ह' लावा आणि त्या हॉटेलच्या सीनपर्यंत थांबा. ट्रम्पेट हातात घेतलेल्या त्या मुलीला पुढचं काहीच माहीत नाही. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.